दोन हजार डॉलर

आज कपड्यांच्या घड्या घालता घालता 'सोनिता' लावला. २०१५चा माहितीपट. तेहरानमध्ये कागदपत्रांविना राहणारी अफगाण मुलगी. तिला रॅपर व्हायचंय. वहीत रिहानाच्या फोटोवर स्वतःचा चेहरा चिकटवते! (इराणमध्ये बाईनं पुरुषांसमोर एकटीनं गायला बंदी, ते आणखी वेगळंच.) भावाच्या लग्नाला पैसे हवेत म्हणून आई हिचं लग्न लावायला निघते. हिचा भाव: नवऱ्यामुलाकडून ९,००० डॉलर. मग इराणी दिग्दर्शिकाच २,००० डॉलर देऊन हिच्यासाठी सहा महिने मागून घेते. माहितीपट करणाऱ्यानं असं मध्ये पडावं का? खरं सांगते, मला तेव्हा हायसंच वाटलं. आईवर चिडणार होते, पण तिच्याही वाट्याला हेच आलेलं.

घड्या अजून पलंगावर तशाच.