मेल्याची बोटं आणि आईचा चातुर्मास

ऑक्टोबरात सेंट ॲब्सच्या पाण्यातून वर आले आणि तोंडातला श्वासाचा रेग्युलेटर काढल्या काढल्या बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, म्हणाले, "खाली सगळं मेलंय की!" माझे बडी म्हणजे आमच्या डायव्हिंग क्लबातले एक निवृत्त प्लंबरकाका. ते नुसते हसले, थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "मार्चमध्ये परत बघ."

सेंट ॲब्स हे एडिंबरापासून गाडीने तासा-सव्वा तासावरचं, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. इथला समुद्र 1984 पासून स्वयंसेवी राखीव क्षेत्र आहे. बंदराजवळच कॅथेड्रल रॉक नावाची पाण्याखालची कमान आहे. तिच्या भिंती आणि छत एका मऊ प्रवाळाने गच्च भरलेलं असतं. पांढरी, कुठे नारिंगी, बोटांसारखी जाडजूड फुगीर टोकं. इंग्रजीत नावच 'डेड मॅन्स फिंगर्स'. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 साली शास्त्रीय नाव दिलं त्यातही 'डिजिटाटम', म्हणजे बोटं असलेलं, हे आहेच. देवगडला आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "शिरा पडो त्या नावार! मेल्याची बोटां बघूक इतक्या लांब गेलंस?"

नाव मात्र चपखल आहे. त्या दिवशी माझ्या ड्रायसूटच्या, म्हणजे अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखाच्या, मनगटाचं सील गळत होतं आणि हातमोज्यात पाणी शिरलं होतं. वर येऊन मोजा काढला तर माझी स्वतःची बोटं तशीच दिसत होती. पांढरीफटक, सुजलेली, सुरकुतलेली.

आपल्याला प्रवाळ म्हटलं की अंदमान-लक्षद्वीपचं निळं, उबदार पाणी आठवतं. तिथल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर अन्न शिजवून यजमानाला वाढतं. या स्कॉटिश प्रवाळाकडे तसा आचारी नाही. वाहत्या पाण्यातून येईल तो प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पकडून खायचा. म्हणून त्याला ऊन लागत नाही, प्रवाह लागतो. वर उजेडात केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाचं रान माजलेलं असतं, तिथे याला जागा मिळत नाही. कमानीच्या आत, कड्याच्या सावलीत, बुडालेल्या जहाजांच्या पत्र्यांवर मात्र याचं राज्य. एकेक बोट म्हणजे एक जीव नव्हे, शेकडो पॉलिपांची, म्हणजे फुलासारख्या इवल्या जीवांची, वसाहत. कठीण प्रवाळासारखा दगडी सांगाडा नाही, नुसत्या चुन्याच्या बारीक कण्या मांसात विखुरलेल्या. प्रत्येक पॉलिपला तोंडाभोवती भक्ष्य पकडणारे आठ शुंडक, आणि प्रत्येक शुंडकाला दोन्ही बाजूंनी बारीक फाटे. चिंचेचं पान डोळ्यासमोर आणा, तसं. हे आठचं गणित असलेलं कुळच वेगळं. गंमत म्हणजे मंगळासाठी बाबांच्या अंगठीत बसवलेलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या ज्या प्रवाळाचं असतं, तेही याच आठवाल्यांच्या गोतावळ्यातलं.

आता ऑक्टोबरचं कोडं. मी पाहिलं तेव्हा एकही पॉलिप बाहेर नव्हता. बोटं आक्रसलेली, वर तांबूस-तपकिरी मळकट साय धरलेली. जवळ टॉर्च नेऊन पाहिलं तर त्या सायीत बारीक शैवाल आणि केसांसारखे हायड्रॉइड नावाचे इवले प्राणी चक्क रुजले होते. मला वाटलं रोग पडला. प्रत्यक्षात हा त्यांचा वार्षिक उपास होता. जुलैच्या अखेरीस ही वसाहत तोंड मिटते आणि डिसेंबरपर्यंत काही खात नाही. आत मात्र अंडी पिकत असतात. मग डिसेंबरात ती वरची साय कातीसारखी टाकून देते, आणि त्या सुमारास, ऐन थंडीत, अंडी आणि शुक्रबीजं पाण्यात सोडली जातात. अळ्या तयार होऊन खडकावर बसेपर्यंत वसंतातला प्लवकाचा सुकाळ फार लांब राहिलेला नसतो.

हे आईला सांगितल्यावर ती एकदम गंभीर झाली. "म्हणजे चातुर्मासच झालो मां," म्हणाली. आषाढी ते कार्तिकी ती वांगं खात नाही, कांदा-लसूण सोडते. तारखा थोड्या पुढेमागे, पण मला तिचा हिशोब काकांच्या चहाइतकाच पटला.

मार्चमध्ये गेले. पाणी सहा अंश. कपाळ असं ठणकलं की पहिली दोन मिनिटं काही सुचेना. कमानीत शिरल्यावर सुचलं. तीच भिंत, पण प्रत्येक बोटावर पांढरा मोहोर. पॉलिप अर्धपारदर्शक, इतके दाट की खालची कातडी दिसतच नव्हती. माझ्या फिनची लाट एका गुच्छावर गेली. टोकाकडचे काही पॉलिप हळूच आत गेले, बाकीचे आपले खात राहिले. मी तिथेच तरंगत थांबले, गेलेले परत बाहेर येईपर्यंत. काकांनी दोनदा हवेचा आकडा विचारला.

निघताना त्यांनी टॉर्चने एका खाचेकडे बोट दाखवलं. वीतभर लांबीची, फिकट, अंगभर मसे असलेली समुद्री गोगलगाय, शंख नसलेली. ट्रिटोनिया. तिचं खाणं म्हणजे हेच प्रवाळ. एका बोटाचं टोक कुरतडून तिने बुंध्यापर्यंत आणलं होतं.

रात्री फोन केला. आईने पहिलं विचारलं, "सुटलो त्यांचो उपास?"

गोगलगाईचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.