तेल सुटलं, हाबानेरो नाही

वजन उतरवायला घेतलं आणि सगळ्यात आधी गदा आली ती मिरचीच्या तेलावर. मिरचीवर नव्हे. ताज्या मिरचीत १०० ग्रॅमला साधारण ४० कॅलरी, आणि एका बैठकीत १०० ग्रॅम हाबानेरो, म्हणजे ती जहाल तिखट मिरची, खाणार कोण? (आहेत तुमच्यात काही, माहीत आहे.) तेलाचा एक मोठा चमचा मात्र १२० कॅलरींच्या घरात जातो.

गंमत म्हणजे तेल गेल्यावर तीच मिरची वेगळी लागायला लागली. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाहीच. तेलातलं तिखट तोंडभर सावकाश पसरतं. तीच मिरची काकडीवर किंवा अंड्याच्या पांढऱ्यावर चिरून टाकली की थेट जिभेला डसते. चव कळायच्या आत डोळ्यांत पाणी.

म्हणून सध्या सगळा भर आंबवलेल्या सॉसवर. हाबानेरो, लसूण, थोडं गाजर आणि एकूण वजनाच्या ३ टक्के मीठ. निम्म्या मिरच्यांचा आतला पांढरा गाभा खरवडून टाकला, कारण खरा जाळ तिथेच असतो, बियांत नाही. त्यामुळे मिरच्या जास्त घालता येतात आणि वास भरपूर मिळतो. बरणीतलं पाणी आता गढूळ झालंय, झाकण सैल केलं की फुस्स होतं, आणि हाबानेरोचा तो जर्दाळूसारखा गंध शाबूत आहे. तेलात परतताना तो बराचसा उडूनच जायचा.

सॉस जरा सढळ हाताने घेतला की दुसऱ्या दिवशी वजनकाटा किंचित वर सरकतो. घाबरू नका, मिठाने धरून ठेवलेलं पाणी असतं ते. विकतच्या बाटलीवर साखर किती लिहिली आहे तेवढं मात्र बघा.

मिरचीने चरबी वितळते म्हणणाऱ्यांना लांबून नमस्कार. परिणाम असतो, पण अगदीच किरकोळ. मला फायदा झाला तो वेगळाच: वाफवलेल्या कोबीसमोर मी आता आपणहून बसतो.

तोंड पेटलंच तर साय काढलेलं दूधही पुरतं. काम केसिन हे दुधातलं प्रथिन करतं, त्यासाठी साय लागत नाही.

पुढच्या बरणीत गाजराऐवजी भाजलेली लाल ढोबळी मिरची घालायचा विचार आहे. भाजलेली भाजी घालून कोणी आंबवलं असेल तर किती कच्च्या मिरच्या ठेवल्यात, सांगा.