तेलंगांचा वेगळा निकाल

खानापूर तालुक्यातला एक पोरगा गेल्या पावसाळ्यात माझ्या ऑफिसात आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत कन्नड उतारे, तळाशी आजोबांच्या हातचं एक मराठी टिपण, घड्यांवर फाटलेलं. बाप आणि चुलते एकत्र, बाप वाटणीचं नावच काढू देत नाही. "मॅडम, माझा हिस्सा मला मागाय येत न्हाई काय?"

दावा लावला. समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला जुना निकाल पुढे केला: आपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी, इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालेचा 16 वा खंड, पान 29. आपला बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्याकडे, म्हणून हा निकाल आमच्याकडे आजही निघतो. बाप आपल्या वडिलांशी किंवा भावांशी एकत्र असेल तर त्याच्या संमतीशिवाय मुलाला वाटणी मागता येत नाही, असं त्यात मुंबई हायकोर्टात बहुमताने ठरलं.

बार लायब्ररीत तो खंड काढला. पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसलेली, पान उलटलं की तपकिरी भुकटी बोटांना लागते. बहुमत वाचून मिटणारच होते, तेवढ्यात पुढे वेगळं मत दिसलं. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग. बाकीचे एका बाजूला, हे एकटे दुसऱ्या. मुलाला वाटणी मागता येते, असं त्यांचं म्हणणं. मिताक्षरा म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरची जुनी संस्कृत टीका; तिच्याप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनचा, बापाच्या बरोबरीचा.

तेलंगांचं नाव मला गीतेमुळे माहीत होतं. जन्म 1850, मुंबईतला. 1872 पासून हायकोर्टात वकिली. पुढच्याच वर्षी, रामायण होमरवरून उचललंय म्हणणाऱ्या वेबर या जर्मन पंडिताला उत्तर लिहिलं. मॅक्स म्युलरच्या ग्रंथमालेत 1882 साली गीतेचं इंग्रजी भाषांतर दिलं, सोबत महाभारतातलेच सनत्सुजातीय आणि अनुगीता हे भागही. दोन वर्षांनी मुद्राराक्षस या संस्कृत नाटकाची संपादित आवृत्ती. हे सगळं चालत्या वकिलीत! मला एक कैफियत धड लिहायची तर रविवार जातो.

गीतेची प्रस्तावना मी मुद्दाम वाचली. गीतेचा काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्याही आधी कसा नेता येतो, हे ते एकेक पुरावा घेऊन मांडत जातात. साक्षीदाराची उलटतपासणी चाललीय असंच वाटतं. लोक त्यांच्या संस्कृतला छंद म्हणतात, मला ते पटत नाही. 1889 ला न्यायमूर्ती झालेल्या या माणसाला मिताक्षरा दुसऱ्याच्या भाषांतरातून वाचावी लागत नव्हती, आणि त्या वेगळ्या निकालाचं बळ मला तिथेच दिसतं. 1893 साली वारले, वय अवघं 43.

पोराला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ त्या झेरॉक्सकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजे ह्ये सायब तवाच आमच्या बाजूनं हुते म्हणा की."

पुढच्या तारखेला तीच पानं घेऊन उभी राहणार आहे.