आभाळाचा टेकू

‘आभाळ पडलं, पळा पळा!’ म्हणत सुटलेल्या सशाला आपण लहानपणी पोटभर हसलो. पण जुन्या जगातली भलीभली माणसं त्या सशाच्याच पंगतीतली होती. साधा लग्नाचा मांडव घालायचा तरी खांब रोवावे लागतात. मग डोक्यावरचं एवढं अफाट छत राहिलंय कशावर? प्रश्न रास्त आहे. शाळेत उत्तरं आयती मिळाल्यामुळे आपल्याला तो पडेनासा झाला, एवढंच.

इजिप्तमधल्या लोकांना आभाळ म्हणजे एक बाई वाटली. तिचं नाव नूत. हातापायांवर ओणवी झालेली, अंगभर चांदण्या. खाली आडवा पडलेला तिचा नवरा गेब, म्हणजे जमीन. (आपल्याकडे धरती आई, तिकडे जमीन पुरुष.) दोघांच्या मधे हात वर करून उभा शू, हवेचा देव. नूत संध्याकाळी सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून प्रवास करतो आणि पहाटे पुन्हा जन्माला येतो. लक्सरजवळ सहाव्या रामसेसच्या थडग्यात छतावर पाठीला पाठ लावलेल्या दोन नूत रंगवल्या आहेत, एक दिवसाची आणि एक रात्रीची. मला मात्र दया येते ती शूची. त्याच्या हातांना कधी मुंग्या आल्या असतील का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

चिनी लोकांनी खांब मानले आणि खांब म्हटला की तो मोडणार हेही ओळखलं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ‘ह्वायनानझी’ ग्रंथात गोष्ट आहे: राज्यासाठीच्या भांडणात गोंगगोंग नावाच्या दावेदाराने रागाच्या भरात बुझोऊ पर्वताला धडक मारली. आभाळाचा खांबच तो, मोडला. आभाळ वायव्येला कललं, म्हणून सूर्य, चंद्र, तारे तिकडे सरकतात. जमीन आग्नेयेला खचली, म्हणून नद्या तिकडे वाहतात. एका माणसाच्या संतापात खगोल आणि भूगोल दोन्ही बसवले! नाशिककरांना ही गोष्ट पटायला हरकत नाही. पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असून गोदावरी पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागराकडे निघते, त्यालाही काहीतरी कारण हवंच. त्याच ग्रंथात फाटलेलं आभाळ न्यूवा देवीने पाच रंगांचे दगड वितळवून सांधल्याचंही सांगितलं आहे. फाटल्या आभाळाला ठिगळ कुठं लावणार, म्हणून आपण हात टेकतो; ती लावून मोकळी झाली. वर एका महाकाय कासवाचे पाय कापून तिने चार नवे खांबही उभे केले. कासवाला कुणी विचारलं नसावं.

आपल्याकडे घोर आभाळाचा कमी, जमिनीचा जास्त. ती शेषाच्या फण्यावर. मग शेष कशावर? हा पोरकट वाटणारा प्रश्न भास्कराचार्यांनी गंभीरपणे घेतला. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ते म्हणतात त्याचा आशय असा: पृथ्वीला आधार मानला की त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा, याला अंत नाही. शेवटी कुणीतरी स्वतःच्या शक्तीवर राहतो असं मानायचंच असेल, तर ते पहिल्या पायरीलाच, पृथ्वीबद्दलच का मानू नये? चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथे हा श्लोक आला की निदान एखाद्या विद्यार्थ्याने तरी चोरून पायाखाली बघितलं असणार.

शेषाला असं निवृत्त केल्यावर प्रश्न उरला पुराणातल्या समुद्रांचा: दुधाचा, दह्याचा, तुपाचा, उसाच्या रसाचा, मद्याचा. गोल पृथ्वीच्या हिशेबात हे बसवायचे कुठे? इतका खमक्या गणिती, पण दूध-तूप ओतून द्यायला त्यांचाही जीव झाला नाही. आपण राहतो ते जंबुद्वीप त्यांनी उत्तर गोलार्धात ठेवलं आणि हे सगळे समुद्र नेऊन ठेवले दक्षिण गोलार्धात. तिकडे जाऊन चव घेणार कोण होतं?