हाल्बे आणि एका शब्दाची अडचण

बर्लिनमधील पाच दिवस संग्रहालये पाहण्यात आणि पाय दुखवून घेण्यात गेले. त्यांपैकी लिहिण्याजोगी जागा एकच, उंटर डेन लिंडेन या रस्त्यावरची ‘नोये वाखे’. शिंकेल या वास्तुकाराने १८१८ मध्ये पूर्ण केलेली ही पहाऱ्याची चौकी आज आतून जवळजवळ रिकामी आहे. छताला एक गोल झरोका आहे आणि त्याच्या बरोबर खाली केटे कोलवित्झ यांच्या शिल्पाची मोठी केलेली प्रतिकृती आहे: मेलेल्या मुलाला कुशीत घेऊन बसलेली आई. कोलवित्झ यांचा धाकटा मुलगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरात बेल्जियममध्ये मारला गेला होता. आम्ही गेलो तेव्हा पाऊस त्या झरोक्यातून सरळ आईच्या पाठीवर पडत होता.

जमिनीवरची ओळ भाची मला मराठीत सांगू लागली, “युद्धाच्या आणि जुलमी राजवटीच्या...” आणि अडली. पुढचा शब्द होता ‘ओप्फर’.

“मामा, हुतात्मे म्हणू का?”

“बळी म्हण,” मी सांगितले. जर्मन शब्दाप्रमाणे आपलाही शब्द दुहेरी आहे. बळी दिला जातो आणि माणूस बळी पडतोही. नेमका शब्द सापडल्याचा मला थोडा अभिमानच वाटला. १९९३ मध्ये हे स्मारक सध्याच्या रूपात उभे राहिले, तेव्हा मारणारे आणि मारले गेलेले एकाच शब्दाखाली कसे बसवता, असा आक्षेप ज्यू समाजाचे नेते इग्नात्स बुबिस यांनी घेतला होता आणि त्यामुळे प्रवेशद्वाराजवळ कोणाकोणाचे स्मरण होते आहे हे सांगणारा फलक लावावा लागला, हे भाचीने मला बाहेर पडताना सांगितले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि तोही ‘फोल्क्सट्राउअरटाग’, म्हणजे युद्धातील मृतांसाठी साऱ्या देशाने शोक करण्याचा नोव्हेंबरातला दिवस. पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी सुरू झालेल्या या दिवसाचे नाझींनी १९३४ मध्ये ‘वीरस्मरण दिन’ असे नामकरण करून त्यातला शोकच काढून टाकला होता. आम्ही बर्लिनच्या आग्नेयेला असलेल्या हाल्बे गावी गेलो. गाडी वेळेवर आली, पण रविवार असल्यामुळे स्थानकाजवळ चहाचा घोटसुद्धा मिळाला नाही, आणि उपाशीपोटी थंडीत चालताना मी या देशाच्या शिस्तीविषयी बरेच वाईट बोललो.

एप्रिल १९४५ च्या अखेरीस येथल्या जंगलात जर्मनांचे नववे सैन्य वेढ्यात सापडले आणि पश्चिमेकडे वाट काढताना त्याची कत्तल झाली. पाइनच्या झाडांखालच्या दफनभूमीत चोवीस हजारांहून अधिक माणसे पुरलेली आहेत. त्यांत सैनिक आहेत, पळ काढणारे सामान्य नागरिक आहेत, सैन्य सोडल्याबद्दल स्वतःच्याच लष्कराने ठार केलेले सैनिक आहेत, वेठबिगार म्हणून आणलेले परदेशी मजूर आहेत आणि युद्धानंतर केचेनडॉर्फच्या सोव्हिएत छावणीत मेलेले सुमारे साडेचार हजार कैदीही आहेत. माझा ‘बळी’ इथे अपुरा पडू लागला. एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचा सैनिक आणि वेठबिगार मजूर यांना मी एकाच शब्दात कसे बसवणार होतो? नवनाझींना मात्र ही अडचण नव्हती. ते याच दिवशी इथे ‘वीरां’साठी मोर्चे काढत, आणि त्यांना आवर घालण्यासाठी ब्रांडेनबुर्ग राज्याला २००६ मध्ये कायदा करावा लागला.

समारंभ छोटा होता. पुष्पचक्रे ठेवली गेली, कोणाकोणाचे स्मरण करतो याची लांबलचक यादी सपाट आवाजात वाचली गेली, ट्रम्पेटवर जुन्या सैनिकी गीताची धून वाजली. घोषणा नाही, जयजयकार नाही. आपल्याकडे अशा प्रसंगी कोणीतरी ‘अमर रहे’ म्हणतोच; ते न ऐकल्यामुळे मला, कबूल करतो, चुकल्यासारखे वाटत होते.

लोक पांगल्यावर रस्त्यालगतच्या एका ओळीत एक वृद्ध बाई वाकून जमिनीतल्या दगडी फरशीवरून पाइनच्या काड्या हाताने झाडताना दिसल्या. फरशीवर ‘अज्ञात’ असे कोरलेले होते. हातमोजा काढून त्यांनी त्या अक्षरांच्या खाचांतली माती नखाने उकरली, मग लाल प्लास्टिकच्या नळकांड्यातली मेणबत्ती पेटवली. ती वाऱ्याने दोनदा विझली. भाचीने अदबीने विचारले, हे तुमचे कोण? बाई म्हणाल्या की त्यांचे वडील याच जंगलात बेपत्ता झाले, ते त्यांना मुळीच आठवत नाहीत, आणि कोठे पुरलेले आहेत हेही ठाऊक नाही. म्हणून त्यांनी एक अज्ञात दगड निवडला आहे. पूर्वीचा आत, झाडीत होता. गुडघे दुखू लागल्यापासून त्या रस्त्याजवळच्या या दगडापाशी येतात.

मी काही बोललो नाही, बोलण्याइतके जर्मनही येत नव्हते. बाईंनी माझ्या निळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिले, पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात कॉफी ओतून पुढे केली. झाकण एकच होते. आम्ही तिघांनी ते आळीपाळीने वापरले.