अभिभाषणापेक्षा मोलाची चर्चा

राज्यघटनेच्या ८७व्या अनुच्छेदानुसार दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या प्रारंभी राष्ट्रपती संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर अभिभाषण करतात. मूळ तरतूद प्रत्येक अधिवेशनासाठी होती, ती १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने बदलली. भाषणात ‘माझे सरकार’ असा उल्लेख येत असला, तरी मजकूर सरकारनेच ठरवलेला असतो, आणि म्हणूनच मला त्यानंतरच्या आभारप्रस्तावावरील, म्हणजे भाषणाबद्दल राष्ट्रपतींचे आभार मानणाऱ्या ठरावावरील, चर्चा अधिक मोलाची वाटते. ३ मार्च २०१५ रोजी, लोकसभेत सत्ताधाऱ्यांचे भक्कम बहुमत असतानाही, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे खासदार सीताराम येचुरी यांनी काळ्या पैशाच्या प्रश्नावर या प्रस्तावाला सुचवलेली दुरुस्ती राज्यसभेने मतविभाजनाने संमत केली. त्याने सरकार पडले नाही, पडणारही नव्हते. पण विरोधकांचे म्हणणे प्रस्तावाच्या मजकुरात नोंदले गेले. ही चर्चा गोंधळात वाया जाते, तेव्हा मनापासून वाईट वाटते.