येऊरची मोरी आणि बांधावरचा ससा

दिवाळी सरली की मी एकदा तरी ठाण्याजवळच्या येऊरला जाते. या वेळी उपवन तलावापाशी पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. पुढचा चढ पायीच धरला, कारण मला रस्त्यावरच्या मोऱ्यांचे कठडे बघायचे होते. पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवी मखमल चढते. आता ती करपल्यासारखी दिसते.

हायोफिला इन्व्होल्युटा, आपल्या ओल्या भिंतींवरचं नेहमीचं शेवाळ. बाटलीच्या झाकणाने त्यावर पाणी सोडलं आणि भिंग लावलं. आत वळून सुरळी झालेली पानं एकेक करत उलगडली, आणि तपकिरी तुकडा बघता बघता पोपटी झाला! इन्व्होल्युटा म्हणजे आत वळलेलं. मधली शीर सोडली तर पान एकाच पेशीच्या जाडीचं, त्यामुळे पाणी थेट आत जातं. मुळं नाहीतच; धाग्यांसारखे मूलाभ भिंत धरून ठेवतात तेवढेच.

पाड्याजवळ भाताची खाचरं कापून झाली होती. बांधावरच्या सुक्या गवतात पाऊल टाकणार, तोच दोन हातांवरून ससा उसळला. मानेवरचा काळा पट्टा लख्ख दिसला. लेपस निग्रिकोलिस, नावाचा अर्थच काळ्या मानेचा. तो बसला होता तिथे गवत दबून उथळ खळगा झाला होता. तळहात ठेवला, तर अजून ऊब होती.

एवढंच त्याचं घर. हा ससा बीळ खणत नाही. घरी पाळतात ते पांढरे ससे निराळे, त्यांचे रानातले पूर्वज युरोपातले. त्यांची पिल्लं बिळात, डोळे मिटलेली आणि बिनकेसांची जन्मतात. याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात. उघड्यावर जन्मायचं तर दुसरा इलाजच नाही.

मला तो कठडा पुन्हा आठवला. एकाला मूळ नाही, दुसऱ्याला बीळ नाही. ऊन तापलं की शेवाळ मिटून पावसाची वाट बघतं. ससाही आधी अंग चोरून निश्चल बसतो, अगदी जवळ येईपर्यंत. पण त्याला पाय आहेत, आणि शेवटच्या क्षणी तो ते वापरतो. शेवाळाला तीही सोय नाही, म्हणून मला त्याचं कौतुक काकणभर जास्तच वाटतं.

भारा बांधणाऱ्या मावशींना खळगा दाखवला. त्या म्हणाल्या, "रोज इथंच बसतो तो. उद्या परत येईल बघा."

परतताना मी बांध सोडून खालच्या वाटेने आले.